एंटर दोन, एफ-फाईव्हचे अर्थ दोन: बिलिंगच्या पडद्यावर कळांमुळे पुन्हापुन्हा होणारे घोळ कसे सोडवायचे

तक्रार बहुतेक वेळा फोनवरच येते. "एंटर मारला की बिल अर्धंच सेव्ह होतं." "आकडे पडत नाहीत, कर्सर पळतो." "पेमेंटची एंट्री करायला गेलो आणि सगळं पानच कोरं झालं." वागळे इस्टेटमधलं सुट्या भागांचं दुकान असो, महाप्याच्या एमआयडीसीतलं गोदाम असो किंवा वाशीच्या बाजार समितीतला कांदा-बटाट्याचा गाळा, तक्रारी याच. सॉफ्टवेअर बनवणारा आपल्या लॅपटॉपवर करून बघतो. तिथे सगळं नीट चालतं. मग "युजरने चुकीची कळ दाबली" असा शेरा मारून तक्रार बंद होते आणि पुढच्या महिन्यात तीच परत येते.

चुकीची कळ सहसा कोणी दाबलेली नसते. रोज शेकडो नोंदी करणारा माणूस कळ तिच्यावरचं नाव वाचून दाबत नाही. बोट जिथे आपसूक जातं ती जागा आणि आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कळीने केलेलं काम, या दोन गोष्टी त्याच्या हातात बसलेल्या असतात. कीबोर्डवर एकसारखं काम करणाऱ्या, एकसारख्या दिसणाऱ्या किंवा एकाच नावाच्या बऱ्याच कळा आहेत. प्रोग्राममध्ये त्यांचा एक अर्थ आणि हातात दुसरा, असं झालं की घोळ होतो. खाली लक्षणांनुसार कारणं आणि उपाय दिले आहेत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बिलिंग, स्टॉक आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ते थेट लागू पडतात.

आधी नक्की काय आलं ते बघा

फोनवर "एंटर दाबला" असं ऐकलं तर पहिला प्रश्न एकच: कुठला? मधला मोठा की उजव्या कोपऱ्यातला? "डिलीट केलं" म्हणाले तर कळीवर काय छापलंय ते विचारा. कीबोर्डचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला तर आणखी बरं, कारण स्वस्त कीबोर्डांवर इन्सर्ट, डिलीट आणि प्रिंटस्क्रीन यांच्या जागा हव्या तशा हलवलेल्या असतात.

मग नोटपॅड उघडून तीच कळ दाबायला सांगा. नोटपॅडमध्येही चुकत असेल तर दोष कीबोर्डचा, नमलॉकचा (उजवीकडच्या गटातले आकडे चालू-बंद करणारी कळ) किंवा निवडलेल्या भाषेचा. नोटपॅडमध्ये बरोबर आणि आपल्या पडद्यावर चूक, तर दोष आपला. एवढ्या एका चाचणीने बऱ्याच तक्रारी वाटेला लागतात.

दोष आपला निघाला तर एक साधं तपासणी पान कायम तयार ठेवावं. कळ खाली जाताना ब्राउझर प्रोग्रामला जी सूचना देतो ती कीडाउन इव्हेंट; तिच्यातले चार गुणधर्म त्यावर दिसले पाहिजेत: 'की', 'कोड', 'लोकेशन' आणि 'रिपीट'. 'की' म्हणजे त्या कळीचा अर्थ, 'कोड' म्हणजे कीबोर्डवरची तिची जागा. लोकेशनमध्ये ० म्हणजे नेहमीची कळ, १ डावीकडची, २ उजवीकडची आणि ३ नमपॅडवरची, म्हणजे उजव्या टोकाच्या आकड्यांच्या गटातली. 'रिपीट' म्हणजे कळ दाबून धरल्यामुळे पुन्हा आलेली. मधला एंटर आणि नमपॅडचा एंटर या दोघांची 'की' एकच येते, 'एंटर'. 'कोड' मात्र वेगळा: एकाचा 'एंटर', दुसऱ्याचा 'नमपॅडएंटर'. विंडोजच्या आतही दोघांचा आभासी क्रमांक एकच आहे, १३. फरक फक्त सोबत येणाऱ्या एका जादा खुणेचा असतो.

"नमपॅडचा एंटर चालत नाही" या तक्रारीचं कारण इथेच सापडतं. प्रोग्रामरने अट 'कोड'वर लिहिलेली असते आणि त्याच्या लॅपटॉपला नमपॅड नसतो. अट 'की'वर लिहा, दोन्ही एंटर चालू लागतील.

दोन एंटरना मुद्दाम वेगळी कामं देणारी सॉफ्टवेअर आहेत. फोटोशॉपमध्ये अक्षरं टाईप करताना मधला एंटर नवी ओळ देतो आणि नमपॅडचा एंटर मजकूर पक्का करतो. इनडिझाइनमध्ये नमपॅडच्या एंटरने पुढचा मजकूर पुढच्या कॉलममध्ये जातो. ठाण्यातल्या छपाईच्या दुकानांत ही सवय पक्की बसलेली असते आणि त्या कामाला ती योग्यही आहे. बिलाच्या पडद्यावर मात्र हा प्रयोग करू नये. आकडे टाकणाऱ्याचा हात नमपॅडवर असतो आणि नाव टाकणाऱ्याचा मधे. दोघांनाही एंटर म्हणजे एंटरच हवा.

एंटर मारला आणि पट्टी अर्धीच सेव्ह झाली

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडणारा घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या माणसासाठी एंटर म्हणजे पुढचा रकाना. वजन, एंटर, दर, एंटर, हमाली, एंटर, तोलाई, एंटर. सगळं भरून झालं की कंट्रोल-ए. ब्राउझरमधल्या फॉर्मची रीत उलटी आहे: पुढच्या रकान्यात नेतो टॅब आणि एंटर फॉर्म पाठवून देतो. त्यामुळे मेहताजींनी वजन टाकून एंटर मारला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचं बिल, दर न भरताच सेव्ह होते.

नियम नीट समजून घ्या, कारण त्याच्या पोटात दुसरा घोळ दडलेला आहे. मजकुराच्या रकान्यात एंटर दाबला की ब्राउझर फॉर्मचं डिफॉल्ट बटण दाबतो. डिफॉल्ट बटण म्हणजे फॉर्मच्या मांडणीत सर्वांत आधी येणारं सबमिट (फॉर्म पाठवणारं) बटण. आणि फॉर्ममधल्या ज्या बटणाला प्रकार दिलेला नाही ते आपोआप सबमिट धरलं जातं. आता प्रत्येक ओळीच्या टोकाला "ओळ काढा"ची छोटी फुली असेल आणि तिला प्रकार दिलेला नसेल, तर पहिल्या ओळीची फुली हेच डिफॉल्ट बटण ठरतं. एंटर मारला की पहिली ओळ गायब. "आपोआप ओळ उडते" ही तक्रार आली की सर्वांत आधी हे तपासा.

उपाय या क्रमाने करा.

१. फॉर्ममधल्या प्रत्येक बटणाला प्रकार लिहा. सेव्हचं एकच बटण सबमिट, बाकी सगळी साधी.

२. रकान्यांवर कीडाउन पकडा. 'की' एंटर असेल तर ब्राउझरची मूळ कृती थांबवा आणि फोकस, म्हणजे टाईप केलेलं जिथे पडेल ती जागा, पुढच्या रकान्यावर न्या. हे कीअपवर (कळ सुटताना) करून उपयोग नाही, तोवर फॉर्म गेलेला असतो.

३. मोठ्या मजकुराचा रकाना, बटणं, लिंक आणि उघडलेली यादी यांना यातून वगळा. बटणावर फोकस असताना एंटरने ते दाबलंच गेलं पाहिजे.

४. शेवटच्या रकान्यातला एंटर थेट सेव्ह करू नये, फोकस सेव्हच्या बटणावर न्यावा. तिथे दुसरा एंटर मारला की सेव्ह. कुठूनही लगेच सेव्ह करायला कंट्रोल-एंटर द्या.

५. 'रिपीट' खरं असेल तर तो एंटर सोडून द्या. बोट जरा जास्त वेळ टेकलं तर कीबोर्ड तीच कळ पुन्हापुन्हा पाठवतो. त्यात बटण एंटरला कळ खाली जातानाच प्रतिसाद देतं, कळ सुटण्याची वाट बघत नाही. एक खिडकी बंद होऊन फोकस सेव्हवर गेला की तोच दाबलेला एंटर सेव्हही उडवतो.

६. एवढं करूनही सर्व्हरने पडद्यावर भरवसा ठेवू नये. कोरा फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळा क्रमांक द्या. त्याच क्रमांकाने दुसऱ्यांदा नोंद आली तर नवं बिल न करता पहिलंच परत द्या. दुहेरी बिलांची तक्रार इथेच थांबते.

शेऱ्याच्या रकान्याचा प्रश्न उरतो. व्हॉट्सअ‍ॅप वेबवर एंटर निरोप पाठवतो आणि शिफ्ट-एंटर नवी ओळ देतो. एक्सेलमध्ये खान्याच्या आत नवी ओळ ऑल्ट-एंटरने येते. वर्डमध्ये एंटर नवा परिच्छेद, शिफ्ट-एंटर नवी ओळ आणि कंट्रोल-एंटर थेट नवं पान. एकाच माणसाच्या हातात दिवसभर हे सगळं चालू असतं. त्यामुळे शेरा खरोखर अनेक ओळींचा लागतो का, ते आधी विचारा. बहुतेक बिलांत तो एका ओळीत मावतो. तो रकाना एकाच ओळीचा करा, म्हणजे निर्णयच घ्यावा लागत नाही.

दुकानात बारकोड स्कॅनर असेल तर आणखी एक गंमत. संगणकाच्या नजरेत यूएसबी स्कॅनर हा कीबोर्डच असतो. तो कोड "टाईप" करतो आणि शेवटी बहुधा स्वतःच एक एंटर मारतो. तो एंटर आणि माणसाचा एंटर यांत 'की' किंवा 'कोड' पाहून फरक करता येत नाही. काही वेळा काउंटरवर कोणी एंटरला हातही न लावता बिल सेव्ह होतं, ते यामुळे. स्कॅनरसोबतच्या पुस्तिकेत शेवटची कळ बदलण्याचे बारकोड छापलेले असतात. तिथून एंटरऐवजी टॅब निवडा, किंवा पडद्यावर स्कॅनिंगसाठी वेगळा रकाना ठेवून तिथला एंटर फक्त "माल यादीत घ्या" एवढ्याच अर्थाने वापरा.

आकडे पडत नाहीत, कर्सर पळतो

नमलॉक बंद आहे. नमपॅडवरचा ४ डावा बाण होतो, ६ उजवा, ८ वर आणि २ खाली, ७ होम आणि १ एंड. हे निदान लगेच कळतं, कारण कर्सर उडताना दिसतो. त्रास देतो तो टिंब. नमलॉक बंद असताना नमपॅडचं टिंब म्हणजे डिलीट. दर दुरुस्त करताना आकड्यांच्या मधे पैशांसाठी टिंब दाबलं की पुढचा आकडा गुपचूप पुसला जातो. ० म्हणजे इन्सर्ट, आणि जिथे इन्सर्टला अर्थ आहे अशा सॉफ्टवेअरमध्ये पुढची अक्षरं खोडत टाईप होऊ लागतं.

संगणक सुरू होताना नमलॉक चालू राहावा म्हणून बायोसमध्ये बहुधा एक सोय असते, ती तपासा. पडद्यावरही मदत करता येते. कीडाउन आल्यावर नमलॉकची स्थिती विचारता येते. लोकेशन ३ आहे, 'की' बाणाची आहे आणि नमलॉक बंद आहे, असं दिसलं तर रक्कम-रकान्याखाली लाल अक्षरांत लिहा: "नमलॉक बंद आहे". आपण स्वतः बाणाचा आकडा करून टाकू नये. नमपॅडचे बाण मुद्दाम वापरणारी माणसंही आहेत.

नमलॉक चालू असूनही नमपॅडचे आकडे पडत नसतील आणि वरच्या ओळीतले पडत असतील, तर दोष बहुधा आपल्या प्रोग्राममध्ये आहे. "फक्त आकडे घ्या" अशी अट जुन्या 'कीकोड'वर, म्हणजे कळीच्या क्रमांकावर, लिहिलेली असते: ४८ ते ५७ चालेल, बाकी थांबवा. वरच्या ओळीतले आकडे ४८ ते ५७ मध्ये येतात, नमपॅडचे ९६ ते १०५ मध्ये. वजाचिन्हाचंही तेच: वरचं क्रोममध्ये १८९, फायरफॉक्समध्ये १७३, नमपॅडचं १०९. वर शिफ्ट धरला तर ४८ ते ५७ मधूनच उद्गारचिन्ह आणि ॲट हेही निसटून आत येतात. म्हणजे अट हवं ते अडवते आणि नको ते सोडते.

जुन्या कीप्रेस इव्हेंटमध्ये याहून खोल खड्डा आहे. तिथे ४६ म्हणजे टिंब, पण कीडाउनमध्ये ४६ म्हणजे डिलीट. तसंच ३७ म्हणजे एकीकडे टक्क्याचं चिन्ह तर दुसरीकडे डावा बाण, आणि ४५ म्हणजे संयोगचिन्ह किंवा इन्सर्ट. एका इव्हेंटसाठी लिहिलेली अट दुसऱ्यावर चिकटवली की "डिलीट दाबलं की चालत नाही" किंवा "टिंब पडत नाही" ही तक्रार हमखास.

यावर एकच टिकाऊ उपाय: कळा अडवू नका. रकान्यात काय आलं ते इनपुट इव्हेंटमध्ये (रकान्यातला मजकूर बदलल्यावर येणारी सूचना) बघा आणि नको ते तिथे गाळा. चिकटवलेला मजकूर, फोनचा कीबोर्ड, स्कॅनर, सगळं एकाच चाळणीतून जातं. कळा अडवणाऱ्या चाळणीतून चिकटवलेलं काहीही सरळ आत येतं, हे विसरू नका.

एफ-फाईव्ह: पेमेंट की रिफ्रेश

टॅलीत एफ-४ कॉन्ट्रा, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ सेल्स, एफ-९ पर्चेस. ब्राउझरमध्ये एफ-५ म्हणजे पान नव्याने आणा. "पान कोरं झालं" या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी हेच असतं. एफ-६ फोकस पत्त्याच्या पट्टीकडे नेतो. एफ-७ क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये कर्सरने पान वाचण्याची सोय चालू करायची का ते विचारतो, आणि गडबडीत कोणी "हो" म्हटलं की पुढे दिवसभर बाण वेडेवाकडे वागतात. एफ-११ पडदा पूर्ण करतो, एफ-१२ प्रोग्रामरची हत्यारं उघडतो.

यातला एफ-५ प्रोग्राममधून अडवता येतो. तो अडवून पेमेंट उघडावं का? ग्राहक टॅलीवरून आलेला असेल आणि दिवसभर हाच पडदा उघडा राहणार असेल, तर अडवायला हरकत नाही, पण पडद्यावर "एफ-५ पेमेंट" असं ठळक दिसू द्या. इतर ठिकाणी मोडता घालू नये. त्याऐवजी अर्धवट नोंद दर काही सेकंदांनी ब्राउझरच्या साठवणीत ठेवा आणि पान परत आल्यावर "अर्धवट पट्टी सापडली, पुढे चालू ठेवायची?" असं विचारा. वीज गेली तरी तीच सोय उपयोगी पडते.

बॅकस्पेसचाही असाच इतिहास आहे. पूर्वी रकान्याबाहेर बॅकस्पेस दाबला की ब्राउझर मागच्या पानावर जायचा आणि भरलेला फॉर्म जायचा. क्रोमने २०१६ साली ५२व्या आवृत्तीत हे काढून टाकलं. त्यात टॅलीत मागच्या रकान्यात जायला बॅकस्पेस वापरण्याची सवय. ही सोय द्यायची असेल तर रकाना पूर्ण रिकामा असतानाच द्या.

बॅकस्पेस आणि डिलीट

फोनवर "डिलीट करा" म्हटलं की निम्मे लोक बॅकस्पेस दाबतात. मॅकवर तर ज्या कळीवर डिलीट छापलंय ती काम करते बॅकस्पेसचं, आणि पुढचं अक्षर पुसायला एफएन-डिलीट लागतं. बऱ्याच कीबोर्डांवर बॅकस्पेसवर नावच नसतं, फक्त डावा बाण असतो. त्यामुळे मदतीच्या पानावर "डावा बाण दाबा" असं लिहिलं तर ते दोन कळांना लागू पडतं.

ओळ निवडलेली असताना दोन्ही कळांनी तीच ओळ काढावी आणि लगेच "परत आणा" दिसावं. "नक्की काढायची?" ही खिडकी दाखवू नका. एंटरची सवय असलेला हात तीही न वाचता उडवतो. मजकुराच्या रकान्यात मात्र या दोन्ही कळांना हात लावायचा नाही. एक्सेलवरून आलेल्यांना आणखी एक फरक अपेक्षित असतो: डिलीटने निवडलेले सगळे खाने रिकामे होतात, बॅकस्पेसने फक्त चालू खाना रिकामा होऊन लिहायला उघडतो.

मराठी मजकुरात तर या दोन कळा एकमेकींच्या उलट्या प्रतीही नाहीत. "स्त्री"मध्ये सहा युनिकोड चिन्हं आहेत. बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी एका दाबात एकच चिन्ह खातो, आधी वेलांटी, मग र. डिलीट मात्र अख्खं अक्षर किंवा त्याचा मोठा तुकडा एकदम उडवतो. टाईप करणाऱ्याला हे सोयीचंच आहे, कारण चुकलेली वेलांटी तेवढी बदलता येते. म्हणून स्वतःचा मजकूर-संपादक लिहिताना बॅकस्पेसला "शेवटचं अक्षर काढा" असा शहाणपणा शिकवू नका. नावाच्या लांबीची मर्यादा घालतानाही लक्षात ठेवा, वीस चिन्हांत मराठी नाव इंग्रजीपेक्षा लवकर संपतं.

भाषा बदलली की शॉर्टकट मेले

विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. हे चुकून सारखं होतं. इनस्क्रिप्ट ही मराठी कळांची मांडणी चालू असताना इंग्रजी एस-च्या कळीवर एकाराची मात्रा असते, जे-वर र आणि के-वर क. प्रोग्राम 'की'मध्ये एस शोधत असतो आणि तिथे मात्रा आलेली असते, म्हणून कंट्रोल-एस चालत नाही. इथे 'कोड' कामाला येतो, कारण जागा तीच राहते. पद्धत अशी ठेवा: आधी 'की' बघा, ती रोमन अक्षर नसेल तरच 'कोड' बघा. नुसत्या 'कोड'वर सगळं सोपवलं तर वेगळ्या मांडणीचा कीबोर्ड वापरणारा अडकतो. स्कॅनरलाही हा फटका बसतो. तो कळांच्या जागा पाठवतो, त्यामुळे मराठी चालू असताना मालाच्या कोडातल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मात्रा आणि व्यंजनं पडतात.

उच्चारानुसार मराठी लिहिणाऱ्यांसाठी विंडोज १०मध्ये २०१९च्या मे अपडेटपासून फोनेटिक कीबोर्ड आहे. अशा पद्धतींत शब्द सुचवले जातात आणि त्यातला एक एंटरने किंवा स्पेसने निवडला जातो. तो एंटर आपल्या प्रोग्रामने "पुढचा रकाना" समजू नये. कीडाउनमध्ये 'इज-कंपोझिंग' (शब्द अजून जुळवला जातो आहे ही खूण) खरं असेल किंवा जुना 'कीकोड' २२९ असेल तर हात लावू नका. दोन्ही तपासा, सफारीत शब्द पक्का करणाऱ्या एंटरला पहिली खूण नसते, दुसरी असते.

रुपयाचं चिन्ह उमटत नाही ही तक्रार याच जातीची. विंडोजमध्ये "इंग्रजी (भारत)" ही मांडणी निवडली असेल तर उजवा ऑल्ट आणि ४ दाबल्यावर ₹ येतं. "इंग्रजी (अमेरिका)" असेल तर उजवा ऑल्ट साध्या ऑल्टसारखाच वागतो आणि काहीच येत नाही. मांडणी बरोबर असूनही येत नसेल तर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-४ असा शॉर्टकट दिलेला आहे का ते बघा, कारण अशा मांडणीत विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र समजतं. कंट्रोल-ऑल्टवर शॉर्टकट न ठेवणं हाच सोपा मार्ग.

दिसायला सारखं, आत वेगळं

इंग्रजी ओ आणि शून्य कीबोर्डवर शेजारी आहेत आणि बऱ्याच फाँटमध्ये जुळे दिसतात. बँक शाखेच्या आयएफएससी कोडचं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं आणि तिथे ओ टाकणारे कमी नाहीत. सुदैवाने अशा क्रमांकांत जागा ठरलेल्या असतात. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा: आधी राज्याचे दोन आकडे, महाराष्ट्राचे २७, मग पॅन आणि शेवटचं अक्षर तपासणीचं. न्हावाशेव्याला जाणाऱ्या कंटेनरचा क्रमांक चार अक्षरं आणि सात आकडे, त्यातला शेवटचा तपासणीचा. जिथे आकडाच हवा तिथे आलेला ओ शून्य करा आणि आय एक करा, पण रंग बदलून दाखवा, गुपचूप नको. या रकान्यांना शून्यावर तिरकी रेघ असलेला, समान रुंदीचा फाँट लावा.

मराठीतले जुळे शोधाच्या वेळी बाहेर येतात. विसर्गाऐवजी कोलन टाकून लिहिलेलं "दु:ख" आणि खरा विसर्ग असलेलं "दुःख" संगणकाला वेगळे. इनस्क्रिप्टमध्ये विसर्ग संयोगचिन्हाच्या कळीवर शिफ्टसह असतो, तो सापडत नाही म्हणून कोलन येतो. ॲ हे एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि अ वर चंद्र देऊनही, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या रीती एकसारख्या करणं) त्यांना एक करत नाही. शोध सूचीत घेण्याआधी आपणच दोन अक्षरांमधला कोलन विसर्ग करावा आणि अ-चंद्राचं ॲ करावं. मूळ मजकूर तसाच ठेवावा. देवनागरी आकड्यांचंही बघा: काही मराठी मांडण्यांत वरच्या ओळीतून देवनागरी आकडे येतात. जावास्क्रिप्ट त्यांना संख्या मानत नाही, पायथन मानतं. म्हणजे पडद्यावर नाकारलेली रक्कम सर्व्हर बिनतक्रार घेऊ शकतो. रकान्यातून बाहेर पडतानाच त्यांचं रूपांतर करा.

फोनवर

फोनच्या कीबोर्डवर 'की' आणि 'कोड' यांच्यावर विसंबू नका, अँड्रॉइडवर बऱ्याचदा नुसता २२९ हाती येतो. आकड्यांच्या रकान्याला आकड्यांचाच कीबोर्ड मागा, आणि एंटरच्या जागी "पुढे", "शोधा" की "झालं" दिसावं ते एंटर-की-हिंट या गुणधर्माने सांगा. मागचं पुसलं की पुढचं पुसलं, हे कळण्यासाठी इनपुट इव्हेंटचा प्रकार पुरतो.

सोपवण्याआधीची तपासणी

नमपॅड असलेला, तारेचा साधा कीबोर्ड लावा, लॅपटॉपचा नको. एक पूर्ण पट्टी फक्त नमपॅड आणि त्याच्याच एंटरने भरा. मग नमलॉक बंद करून तीच भरा आणि लाल सूचना येते का बघा. एंटर दोन सेकंद दाबून धरा, बिलं मोजा. भाषा मराठी करून कंट्रोल-एस आणि स्कॅनर दोन्ही चालवा. अर्धी पट्टी भरून एफ-५ दाबा. "इंग्रजी (भारत)" निवडून शेऱ्यात ₹ टाका. शेवटी काउंटरवर रोज बसणाऱ्या माणसाला काही न सांगता तीन बिलं करायला द्या आणि पडद्याकडे नको, त्याच्या उजव्या हाताकडे लक्ष ठेवा. तो ज्या कळीवर थांबेल किंवा मागे येईल ती वहीत टिपा आणि तपासणी पानावर दाबून बघा.